घाटात तापलेली मोटार
(इयत्ता ३ री व ४ थी : परिसर-अभ्यास आणि भाषा यांचा जोडपाठ)

सहलीवरील पाठ आपल्या शाळांतून वर्षानुवर्षे शिकविले जात आहेत. त्यांतील मुले पहाटे उठतात, डबे बांधतात, किल्ला अथवा धरण पाहतात, झाडाखाली बसून जेवतात आणि दिवेलागणीच्या आत घरी परततात. गाडी कधी बंद पडत नाही, कोणी रडत नाही, ठरविलेले काहीही राहून जात नाही. असे पाठ वाचावयास गोड असतात. परंतु वाटेत अडकून पडण्याचा प्रसंग ज्या बालकावर येतो, त्याच्या हाती त्यांतून काहीच लागत नाही. अलीकडे लहान गावांतील कुटुंबांकडेही चारचाकी आली आहे. शनिवार-रविवारी मुलास घेऊन तंबूत मुक्काम करण्याची हौस शहरांत तर वाढलीच आहे. म्हणून प्रस्तुत पाठासाठी मुद्दाम अर्ध्या वाटेत थांबलेली एक सहल योजिली आहे.

या पाठात दोन गोष्टी साधावयाच्या आहेत. इंजिन का तापते, ही त्यांतील सोपी गोष्ट. दुसरी शिक्षकाकडून थोड्या अधिक तयारीची अपेक्षा करते. बंद पडलेल्या यंत्रापुढे मूल घाबरते ते बहुधा यंत्रामुळे नव्हे, शेजारच्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यामुळे. घडले ते काय व पुढे काय करावयाचे, हे त्यास खऱ्या शब्दांत सांगितले की तेच मूल घटकाभरात निरीक्षण करू लागते, प्रश्न विचारू लागते. पुढील गोष्ट कल्पित आहे. मात्र तीतील मार्ग, घाट व धरण खरे आहे. शिक्षकांनी ती संथपणे वाचून दाखवावी व खूण केलेल्या दोन्ही ठिकाणी थांबावे.

गोष्ट

मे महिन्याचा अखेरचा शनिवार होता. कल्याणहून एक गृहस्थ आपल्या सात वर्षांच्या मुलीस घेऊन मोटारीने भंडारदऱ्यास निघाले होते. सामानात एक लहान तंबू, दोन सतरंज्या, विजेरी, पाण्याचे दोन कॅन आणि दशम्यांचा डबा होता. पावसाळ्याच्या तोंडावर त्या भागातील झाडे काजव्यांनी लखलखतात, असे मुलीने शाळेत ऐकले होते. काजवे पाहावयाचे, हा तिचा आठ दिवसांचा ध्यास होता.

शहापूर मागे पडले. कसारा आले आणि घाटाची चढण सुरू झाली. पुढे एक मालाने भरलेला ट्रक मुंगीच्या पावलांनी चढत होता. त्याच्या मागे मोटार कधी पहिल्या, कधी दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत होती. बाहेर ऊन रणरणत होते, आत गारव्याचे यंत्र चालू होते. इतक्यात मुलीने विचारले, “बाबा, हा लाल दिवा कसला लागलाय?”

वडिलांनी पाहिले. इंजिनाची उष्णता दाखविणारा काटा वरच्या टोकास टेकला होता. त्यांच्या मनात आले, आणखी चार वळणे काढली की इगतपुरी येईल.

(येथे थांबावे. “वडिलांनी पुढे जावे की थांबावे? का?” असे विचारावे. उत्तर सांगू नये.)

वडिलांनी गारव्याचे यंत्र बंद केले, पुढच्याच वळणावर डाव्या अंगास रुंद जागा पाहून मोटार रस्त्याबाहेर घेतली, इंजिन बंद केले आणि हातब्रेक ओढला. मोटारीच्या नाकाडातून पांढरे लोट येऊ लागले.

“बाबा, गाडीला आग लागली का?”

“वाफ दिसतेय. जळका वास नाही. पण नक्की कळेपर्यंत आपण लांब उभे राहू. तू डाव्या दारानं उतर आणि त्या कठड्यापलीकडे सपाटीवर जाऊन थांब.”

चारही दिवे लुकलुकत ठेवून त्यांनी मागच्या चाकाखाली दगडाची उटी लावली. धोक्याचा लाल त्रिकोण पन्नास-साठ पावले मागे नेऊन ठेवला, म्हणजे वळणावरून येणाऱ्यास तो आधी दिसावा. मग पाण्याचा कॅन व डबा घेऊन ते मुलीजवळ आले.

“आपण काजव्यांना पोचू ना?” तिने विचारले.

‘हो, आत्ता निघू,’ हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. परंतु ते म्हणाले, “मला अजून माहीत नाही. इंजिन निवायला वेळ लागेल. अर्धा तास तरी काही उघडायचं नाही. तू घड्याळ धर. मग बघून सांगतो.”

मुलीने घड्याळ धरले. दहा मिनिटे झाली असतील, तोच एक टेम्पो थांबला. चालक तरुण व मदतीस तत्पर होता. त्याने मोटारीचे नाकाड उघडले, हातात फडके घेतले आणि तो म्हणाला, “साहेब, झाकण काढतो, पाणी ओता, लगेच निघाल.”

“दादा, थांबा. अजून वीस मिनिटं राहिलीत.”

“फडकं आहे की हातात. काही होत नाही.”

“होतं, दादा. आत उकळतंय अजून. घाई नको.”

मुलगी कठड्यापलीकडूनच ओरडली, “शिट्टीची वाफ गेल्याशिवाय आई कुकर उघडत नाही, तसंच का बाबा?”

“अगदी तसंच.”

तरुण हसला आणि त्याने फडके खाली ठेवले.

(येथे दुसऱ्यांदा थांबावे. “कुकर व मोटार यांत सारखे काय?” एवढेच विचारावे.)

अर्धा तास झाला. झाकणाला हात लावून पाहिला, तो सोसवेना. आणखी दहा मिनिटे गेली. मग जाड फडके धरून, तोंड बाजूस ठेवून वडिलांनी झाकण हळूहळू सैल केले. आत पाणी फारच थोडे उरले होते. वरची रबरी नळी पट्टीजवळ चिरली होती. तेथूनच पाणी वाफ होऊन निघून गेले होते. टेम्पोवाल्याने इगतपुरीच्या एका ओळखीच्या मिस्त्रींना दूरध्वनी केला. मिस्त्री दुचाकीवरून आले खरे, पण दुकानातून नळी शोधून आणीपर्यंत दोन तास गेले होते. नळी बसली, पाणी भरले, इंजिन सुरू करून पाहिले. काटा मध्यावर स्थिर राहिला. तोवर दिवस मावळतीस आला होता.

वडील मुलीजवळ बसले. “आज भंडारदरा नाही. घोटीहून पुढचा रस्ता अंधारात पडेल, आणि अनोळखी तलावाकाठी रात्री तंबू ठोकणं बरं नाही. आज इगतपुरीला राहू, सकाळी जाऊ. उद्या रात्री मात्र घरी परतायला हवं.”

“म्हणजे काजवे नाहीत?”

“या वेळी नाहीत.”

मुलगी रडली. वडिलांनी तिला रडू दिले. थोड्या वेळाने ते त्रिकोण उचलून आणावयास गेले. परत येऊन गाडीत बसतात, तो मुलगी म्हणाली, “आणि दगड?”

चाकाखालचा दगड तसाच राहिला होता. वडील पुन्हा उतरले आणि त्यांनी तो उचलून कठड्याच्या कडेला, रस्त्यापासून दूर ठेवला.

दुसऱ्या दिवशी घोटी, बारी करीत ती दोघे शेंडीस पोहोचली. त्यांनी प्रवरेवरचे धरण पाहिले, दूर कळसूबाईचे टोक पाहिले, तंबू सकाळीच ठोकून त्यात दशम्या खाल्ल्या आणि दुपारी परतीची वाट धरली.

शिक्षकांसाठी विवेचन

गोष्ट संपताच “तात्पर्य काय?” असे विचारण्याची आपली जुनी खोड आहे. ती या पाठापुरती बाजूस ठेवावी. पहिला प्रश्न वस्तूचा असावा: मोटार का तापली?

पेट्रोल किंवा डिझेल जळून जी शक्ती निर्माण होते, तिचा साधारणपणे एकतृतीयांश किंवा त्याहूनही कमी भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने धुराबरोबर व इंजिनाच्या धातूतून बाहेर पडते. ही उष्णता सतत काढून नेली नाही तर धातू वाकेल, तडकेल. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळविलेले असते. हल्ली त्यात रंगीत औषधी द्रव मिसळतात व त्यास कूलंट म्हणतात. तापलेले पाणी पुढच्या बाजूस असलेल्या रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक, चपट्या नळ्यांतून वाऱ्याने निवते व पुन्हा इंजिनात जाते.

रेडिएटर समजाविण्यास आकृतीची आवश्यकता नाही. घाई असली की वडीलधारी माणसे चहा बशीत का ओततात, हे विचारावे. बशीत चहा पसरतो, त्याचा अधिक भाग वाऱ्याशी लागतो, म्हणून लवकर निवतो. शिक्षकांनी एक तांब्या व एक परात घ्यावी. दोहोंत एकेक पेलाभर सोसवेल इतके गरम पाणी ओतावे व दर दोन मिनिटांनी मुलांनी बोट लावून पाहावे. मग दोन सारख्या वाट्यांत गरम पाणी घेऊन एका वाटीवर पुठ्ठ्याने वारा घालावा. पहिल्या प्रयोगातून पसरट नळ्यांचे काम कळते, दुसऱ्यातून पंख्याचे. एवढे झाले की घाटातील प्रकार मुले स्वतःच जुळवितात. ट्रकच्या मागे मोटार सावकाश चालली होती, म्हणजे समोरून वारा कमी मिळत होता. चढणीवर इंजिनास श्रम मात्र अधिक होते. गारव्याच्या यंत्राचा भार त्यावर आणखी होता. आणि नळी चिरल्याने पाणीच संपत आले होते. यांपैकी एकच कारण असते तर कदाचित निभावलेही असते. एका घटनेस अनेक कारणे असतात, हे या वयात सांगून कळत नाही, मोजून कळते. सबब ही चारही कारणे मुलांकडूनच फळ्यावर लिहवून घ्यावीत.

चढणीचा भार समजण्यासाठी कसारा घाटासारखे उदाहरण नाही. मुंबईहून इगतपुरीकडे जाणारा लोहमार्ग या घाटातून १८६५ साली खुला झाला. त्याची चढण ३७ ला १ अशी आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची वाढते. ऐकावयास ही चढण क्षुल्लक वाटते. तथापि कसाऱ्यास गाड्यांना मागून रेटण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात. मुलांना मैदानावर सदतीस पावले मोजून चालण्यास सांगावे व शेवटी एका पावलाची उंची काठीने दाखवावी. एवढ्याशा चढावासाठी इतकी शक्ती, याचे आश्चर्य त्यांना वाटले पाहिजे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा २०२५ साली खुला झाल्यापासून अनेक मोटारी डोंगराखालील लांब बोगद्यातून जातात. त्यांतील मुलांना आपण घाट चढलो हे कळतही नाही. सोय झाली हे खरेच. पण एकदा तरी मुलाने जुन्या घाटाने जावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आता कुकरचा प्रश्न. पाठाचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग असून तो घाईने उरकू नये. समुद्रसपाटीस पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे उत्कलनबिंदूही दर तीनशे मीटरला सुमारे एक अंशाने खाली येतो. इगतपुरी सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी अदमासे ९८ अंशांस उकळेल. बंद कुकरमध्ये याच्या उलट घडते. वाफ कोंडून दाब वाढतो व पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून डाळ लवकर शिजते. रेडिएटरचे झाकणही स्प्रिंगने दाब धरून ठेवणारे असते. आतील पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी दाबामुळे ते उकळत नाही. अशा वेळी झाकण उघडले की दाब एकदम नाहीसा होतो, त्या पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ होतो आणि उकळत्या पाण्याचा फवारा उघडणाऱ्याच्या तोंडावर व हातांवर उडतो. हातातील फडक्याने हाताचे थोडे रक्षण होईल. डोळ्यांचे होणार नाही. गोष्टीतील तरुण वाईट नव्हता. उलट तो मदतीसाठी थांबला होता, आणि पुढे त्याच्यामुळेच मिस्त्री मिळाला. मुलांनी त्यास मूर्ख ठरवू नये, याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. भल्या माणसाच्या भल्या सूचनेसही वेळप्रसंगी नम्रपणे ‘थांबा’ म्हणावे लागते. ते कसे म्हणावे, याचा पाठ त्या वडिलांच्या दोन वाक्यांत आहे. वर्गात दोन मुलांना पुढे बोलावून हा संवाद करून घ्यावा.

झाकण उघडल्यावरही एकदम थंड पाणी ओतणे बरे नव्हे. तापलेला धातू अचानक निवला तर तडकू शकतो. पाणी थोडे थोडे घालावे. कूलंट नसल्यास मिस्त्रीपर्यंत पोहोचण्यापुरते साधे पाणी चालते. प्रयोगासाठी वर्गात कुकर आणून तापविण्याचा मोह कोणी करू नये. घरी आई अथवा वडील कुकर उतरवितात तेव्हा तो उघडेपर्यंत किती वेळ जातो, हे मुलांनी लांबूनच पाहून दुसऱ्या दिवशी सांगावे.

रस्त्यावरील वर्तनाविषयी चार शब्द. मूल बंद मोटारीत बसवून वडील इंजिन पाहत राहिले असते, तर दोन धोके होते. मागून येणारे वाहन मोटारीवर आदळण्याचा एक. आणि उन्हात बंद मोटारीची हवा काही मिनिटांतच असह्य तापते हा दुसरा. लहान मुलास बंद मोटारीत एकटे ठेवणे हे कोणत्याही ऋतूत वर्ज्य मानावे. उतरावे ते रस्त्याच्या उलट बाजूच्या दाराने, आणि उभे राहावे ते कठड्यापलीकडे सुरक्षित सपाट जागा असेल तर तेथे. मोटारीच्या पुढे किंवा मागे कधीही नव्हे. कठड्यापलीकडे लगेच दरी असल्यास मोटारीपासून बरेच दूर, रस्त्याच्या अगदी कडेस थांबावे. पावसाळ्यात दरडीखालची जागा टाळावी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक आहेत. ते मुलांच्या वहीत मागच्या पानावर लिहवून घ्यावेत.

दगडाकडे मुद्दाम लक्ष वेधावे. बिघडलेल्या वाहनाला उटी लावणे योग्यच. परंतु वाहन निघून जाते आणि दगड रस्त्यावर पडून राहतो, हे आपल्या प्रत्येक घाटात दिसते. रात्री त्यावर दुचाकी आदळून माणूस पडतो. दगड ठेवणाऱ्यास ते कधी कळतही नाही. गोष्टीतील मुलीच्या लक्षात दगड राहिला, कारण तिला कामात सामील करून घेतले होते, घड्याळ तिच्या हाती होते. मुलास गप्प बसविण्यासाठी हातात दूरध्वनी देऊन चित्रे दाखविली असती, तर ती गप्प बसलीही असती. दगड मात्र रस्त्यातच राहिला असता.

राहिला काजव्यांचा प्रश्न, आणि वर्गात मुले तोच सर्वांत आधी विचारतील. “तिला काजवे दिसले का?” तर नाही. गोष्ट बदलून ते दाखवू नयेत. वाटल्यास काजव्याची माहिती द्यावी: त्याच्या पोटाच्या टोकाशी रासायनिक क्रियेने प्रकाश उत्पन्न होतो, त्यात उष्णता जवळजवळ नसते, आणि नर-मादी एकमेकांस ओळखण्यासाठी हे दिवे लावतात. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यास लागून आहे. तेथे काजवे पकडू नयेत, झाडांवर विजेरीचे झोत टाकू नयेत, हेही सांगावे. परंतु माहिती दिल्याने मुलीची निराशा भरून निघाली असे भासवू नये. वडिलांनी “या वेळी नाहीत” असे सांगितले, तेव्हा ते कठोर वागले की बरोबर, यावर मुलांत मतभेद होतील, होऊ द्यावेत. “आत्ता पोहोचू, आत्ता पोहोचू” असे म्हणत रात्र करणारी वडीलमंडळी मुलांना चांगलीच ठाऊक असतात. ज्या माणसाने दुपारी “मला माहीत नाही” असे सांगितले, त्याचा सायंकाळचा नकार मूल रडत का होईना, पण खरा मानते. हे शिक्षकांनी ध्यानी ठेवावे. मुलांस शब्दांत सांगण्याचे कारण नाही.

ज्या गावी मोटारी थोड्या आहेत तेथे एस. टी. ची गाडी, ट्रॅक्टर अथवा पाणी उपसण्याचे इंजिन घेऊन हाच पाठ करता येईल. शेतावरील इंजिनावर काम करणाऱ्या एखाद्या पालकास किंवा गावच्या मिस्त्रीस वर्गात बोलवावे व जुनी रबरी नळी, तुटलेला पट्टा अशा वस्तू आणण्याची विनंती करावी. चिरलेली नळी हातात घेऊन वाकविली की चीर उघडते व सोडली की मिटते. मुले हे पुनःपुन्हा करून पाहतात. मिस्त्रींना बोलण्याचा संकोच वाटल्यास मुलांनी प्रश्न विचारावेत.

भाषेच्या तासास लेखनासाठी विषय द्यावा: “त्या रात्री इगतपुरीहून मुलीने आईस लिहिलेले पत्र.” पत्र आठ-दहा ओळींचे असावे. त्यात काय घडले ते क्रमाने यावे; शुद्धलेखनाच्या चुकांपेक्षा क्रम चुकला आहे काय, हे आधी तपासावे. झाकण आधी उघडले व मोटार मग निवली, असे लिहिणाऱ्या मुलास पुन्हा परात व तांब्या दाखवून उपयोग नाही. त्यास कुकरकडे न्यावे.

उन्हाळी सुटीपूर्वीच्या पालकसभेत ही गोष्ट जशीच्या तशी वाचून दाखविल्यास बरे होईल. व्याख्यान देऊ नये. वाचून झाल्यावर पहिल्या थांब्याचाच प्रश्न पालकांस विचारावा: लाल दिवा लागल्यावर चार वळणे काढावीत की थांबावे? सभा सायंकाळी ठेवावी, म्हणजे मोटार, ट्रॅक्टर व टेम्पो चालविणारे पालकही कामावरून परतून तीस येऊ शकतील.